ड्वार्फ कुठल्या गावचा? फँटसी रोलप्लेइंगमध्ये पात्राला आवाज आणि बोली देताना

टेबलाभोवती बसून खेळायच्या फँटसी रोलप्लेइंग खेळात प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका करतो. त्या पात्राचं कॅरेक्टर शीट भरून होतं, आकडे जुळतात, कुऱ्हाड विकत घेऊन होते आणि मग डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा) विचारतो, "तुझा ड्वार्फ खानावळीत शिरलाय. काय बोलतो तो?" मुंबईतल्या टेबलांवर या क्षणी बहुतेकदा एकच गोष्ट घडते. इतका वेळ मराठीत गप्पा मारणारा खेळाडू अचानक इंग्रजीत शिरतो, तेही स्कॉटिश वळणाच्या. इंग्रजी गेममध्ये ड्वार्फ (डोंगरात राहणारे बुटके) तसेच बोलतात, एल्फ (दीर्घायुषी, देखणे वनवासी) लंडनच्या उच्चभ्रू ढंगात बोलतात आणि ऑर्क (धिप्पाड राक्षसी योद्धे) गुरगुरतात, हे त्याने ऐकलेलं असतं. दोन-तीन वाक्यांत साठा संपतो आणि उरलेलं सेशन "माझा ड्वार्फ असं म्हणतो की..." एवढ्यावर भागवलं जातं.

मराठीत खेळणाऱ्याची ही अडचण सुटू शकते, आणि नाटकाचा अनुभव नसला तरी सुटते. माझं म्हणणं सरळ आहे. आवाज वंशावरून काढू नका. पात्र कुठे वाढलं, पोट कशावर भरतं आणि समोरच्याला काय लेखतं, यातून आधी त्याचं बोलणं तयार करा. गळ्यातला बदल सगळ्यात शेवटी.

आधी पत्ता शोधा

कोऱ्या कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. लहानपणी घरात कोणती भाषा होती? काम काय? दिवसभरात सगळ्यात जास्त बोलणं कोणाशी होतं? उत्तरं एकेका ओळीत द्या. पानभर बॅकस्टोरी लिहिली की आवाज त्यात हरवतो.

उदाहरणासाठी एक पात्र घेऊ. भागी, अर्ध-ऑर्क बाई. बंदराजवळ होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारांच्या वस्तीत वाढली, आता एका व्यापाऱ्याची अंगरक्षक आहे. दिवसभर बोलणं हमालांशी, खलाशांशी आणि त्या व्यापाऱ्याशी. एवढ्यावरच कळतं की तिने गुरगुरायचं काही कारण नाही. ती मोकळ्या हवेत, वाऱ्यावर ओरडून बोलायला शिकलेली आहे. म्हणजे वाक्यं छोटी, स्वर लांबवलेले, आणि बंद खोलीतही आवाज जरा चढाच. वेळ ती घटकांमध्ये मोजणार नाही, भरती-ओहोटीने मोजेल: "ओहोटी लागायच्या आत निघायचं." कोणाची सत्ता ती राजा-सेनापती अशा शब्दांत पाहत नाही, तिच्या डोक्यात तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी असतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ड्वार्फला कॉमन (सगळ्यांची समाईक भाषा) आणि ड्वार्विश, एल्फला कॉमन आणि एल्विश अशा भाषा मिळतात. शीटवरची ही ओळ बहुतेक जण नुसती भरून टाकतात. खरं तर आवाजाची किल्ली तिथेच आहे. डोंगराच्या पोटात वाढलेल्या ड्वार्फसाठी कॉमन ही बाजारात जाऊन शिकलेली दुसरी भाषा आहे, तर शहरात जन्मलेल्या ड्वार्फची तीच मातृभाषा. एकाच वंशाचे हे दोघे सारखे बोलूच शकत नाहीत.

वयाचंही तसंच. त्याच नियमपुस्तकात एल्फ साधारण ७५० वर्षं जगतो आणि ड्वार्फ साधारण ३५०. ज्ञानेश्वरी १२९० सालची आहे. म्हणजे आपल्याकडचा म्हातारा एल्फ त्या मराठीत बोबडे बोल बोलला असता. ती भाषा टेबलावर वापरली तर कोणालाच काही कळणार नाही. पण तीनेकशे वर्षांच्या एल्फाला बखरीचं वळण सुरेख शोभतं: "आपण आलां, संतोष जाहला. मजकूर काय, तो सांगावा." समजायला सोपं, कानाला जुनं. त्यात फौज, हुकूम, तजवीज, खलबत असे फारसीतून आलेले शब्द बेलाशक येऊ द्या, कारण बखरींत ते भरपूर आहेत. एल्फ म्हणजे संस्कृतप्रचुर बोलणं, हा समज सोडला की पात्र पुस्तकी वाटत नाही.

तू, तुम्ही, आपण

माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा टप्पा आहे, आणि इंग्रजीची सवय लागलेली टेबलं नेमका हाच वगळतात. इंग्रजीत राजाला आणि मोतद्दाराला एकच सर्वनाम पुरतं. मराठीत तोंड उघडताक्षणी पात्राला आपली जागा ठरवावी लागते. आवाज अजिबात न बदलता केवळ यावर पात्र उभं राहतं.

शीटच्या मागे लिहून ठेवा: हे पात्र कोणाला अरे-तुरे करतं, कोणाला अहो-जाहो करतं, आणि "आपण" कोणासाठी राखून ठेवतं. मग त्यात एक अपवाद घाला. भागीचं असं आहे: मालकाला "शेठ, तुम्ही मागे राहा." पहारेकऱ्याला "ए, बाजूला हो." आणि राजालाही "तू", कारण तिच्या वस्तीत तांडेलाला सगळे तूच म्हणतात आणि त्यात मान कमी होतो असं कोणाला वाटत नाही. दरबारातला पहिलाच प्रसंग यावर रंगतो. डीएमला वेगळं काही रचावं लागत नाही.

सर्वनाम बदलणं ही कथेतली घटना असते, हेही लक्षात ठेवा. कॅम्पेनभर (म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या अख्ख्या कथेत) "शेठ, तुम्ही" म्हणणारी भागी जखमी मालकाला खांद्यावर टाकताना "डोळे मिटू नकोस, ऐकतोयस ना?" असं म्हणाली, की टेबलावरचे सगळे मान वर करून बघतात. ते वाक्य स्वस्तात खर्च करू नका.

हाकेचे शब्दही इथेच ठरवा. मुंबईत आपण अनोळखी माणसाला काका, मावशी, दादा, ताई, मामा म्हणतो, कंडक्टरला वेगळी हाक आणि भाजीवालीला वेगळी. हाफलिंगांच्या (छोट्या, घरबशा लोकांच्या) गावात सगळ्याच परक्यांना "पाव्हणं" म्हणत असतील. ड्वार्फ कदाचित धंद्याने हाक मारतील: "ए लोहार," "ओ वैद्यबाई". एल्फ नावाने हाक मारणं असभ्य मानत असतील. असा एक नियम ठरला की त्या वंशाचं पुढचं प्रत्येक पात्र आपोआप ओळखू येतं.

शब्दांची पेटी

पाच-सहा शब्द पात्राच्या कामातून घ्या, एक शपथ ठरवा आणि एक पालुपद. एवढं पुरे. भागीकडे शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर हे शब्द आहेत, शपथ "दर्याची आण", आणि पालुपद "बघू, वारा कुठचा आहे". पालुपद सेशनमध्ये दोनदा आलं तर गोड लागतं. प्रत्येक वाक्याला आलं तर शेजारचा खेळाडू वैतागतो.

चोर वर्गाच्या पात्रासाठी आपल्याकडे फार छान साहित्य पडून आहे. गेममध्ये चोरांची गुप्त भाषा असते. महाराष्ट्रात व्यापाऱ्यांची सांकेतिक नंदभाषा होती, आणि बोटांच्या खुणांनी बोलायची करपल्लवी होती. गुरांच्या बाजारात कापडाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची रीतही अनेकांनी पाहिली असेल. तुमचा चोर शब्द न उच्चारता उपरण्याखाली सौदा करतो, हे कुठल्याही घोगऱ्या आवाजापेक्षा जास्त लक्षात राहतं. शाळेतली च-ची भाषाही चालते, मात्र ती झरझर बोलता आली पाहिजे.

बोली: घ्यायची तर पूर्ण घ्या

आता नाजूक भाग. मराठीत खेळायला लागलं की पहिला मोह होतो तो वाटणी करण्याचा: एल्फ पुणेरी, ड्वार्फ कोल्हापुरी, गॉब्लिन (छोटे, टोळीने राहणारे राक्षस) मालवणी किंवा आगरी, ऑर्क वऱ्हाडी. हसू येतं, टेबल खूश होतं. पण या वाटणीत काय झालं ते पाहा. प्रमाण बोलणारे सुंदर आणि शहाणे ठरले, आणि ज्यांच्या बोलीला शहरात आधीच गावंढळ म्हणतात ते राक्षस ठरले. मुंबईत खेळताना ही गोष्ट कागदावरची राहत नाही. वरळी, वेसावे, माहीम इथले कोळीवाडे आपल्या शेजारी आहेत. उरण-पनवेलच्या पट्ट्यात आगरी बोलली जाते. लालबाग-परळची गिरणगावातली घरं कोकणातून आलेल्या माणसांनी भरलेली होती, आणि वसईत कादोडी बोलणारी कुटुंबं आहेत. टेबलावरच्या कोणाची तरी आजी असंच बोलते. तिची बोली गॉब्लिनच्या तोंडी विनोदासाठी घालणं मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते करू नये असं मनापासून वाटतं.

म्हणून बोली वंशाला न देता प्रदेशाला द्या. किनाऱ्यावरचे सगळे, मग तो माणूस असो, एल्फ असो की तिथला राजा असो, मालवणी वळणाने बोलतात, असं ठरवा. ड्रॅगन एज या व्हिडिओ गेम मालिकेत ऑर्ले नावाच्या साम्राज्यातले लोक फ्रेंच वळणाने बोलतात. तिथे प्रदेश ऐकू येतो. किनाऱ्याचा राजा न्यायनिवाडा करताना "तुका काय व्हया ता सांग" म्हणाला, की बोलीला तिचं वजन परत मिळतं.

आणि बोली घेतली तर तिचं व्याकरण घ्या. नुसता हेल काढणं म्हणजे नक्कल. मालवणीत मला-तुला याऐवजी माका-तुका येतं, कुठेला खंय, कशालाला कित्याक. वऱ्हाडीत मले-तुले, का या प्रश्नाला काहून, चालू क्रियेला "काय करून राह्यला", आणि ळ चा य होतो: डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. आगरीत ण चा न आणि ळ चा ल होतो, आणि ड चा र होतो, म्हणून कोंबडीची कोंबरी. कोल्हापूरकडे "आलो होतो" चं "आलतो" होतं. हे चार-पाच नियम नीट पाळले तर बोली खरी वाटते. दोन बोलींचे नियम एकत्र झाले तर त्या बोलीचा माणूस लगेच ओळखतो.

शिकायचं कसं? ती बोली बोलणाऱ्या माणसाशी बोला. टेबलावर तसा खेळाडू असेल तर पात्राची दहा वाक्यं त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या, आणि त्याला ते नको असेल तर ती बोली सोडा. मुंबईत मालवणी मंडळी ठेवतात ते दशावतारी नाटकांचे प्रयोग आवर्जून बघा. फँटसी खेळणाऱ्यासाठी त्याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या-उभ्या रचतात. राजा आणि राक्षस समोरासमोर येऊन एकमेकांना ललकारतात, आणि प्रवेश करताच पात्र आपण कोण ते ठणकावून सांगतं. आपण टेबलावर वेगळं काय करतो?

बोली नको असेल तर नियम रचा

ज्यांना कुठलीही खरी बोली येत नाही त्यांच्यासाठी ही वाट. फँटसीतल्या वंशासाठी बोलण्याचा एक काल्पनिक नियम करायचा. पण नियम उच्चाराचा केलात तर सावध राहा. ख चा क, भ चा ब केला की ऐकणाऱ्याला ती दक्षिणेकडच्या माणसाची चेष्टा वाटते. लिंग चुकवत बोललं की उत्तरेकडून आलेल्या टॅक्सीवाल्याची. चूल, जाळं, माझं यांतले दंत्य च-ज-झ सगळे चंद्रातल्या च सारखे तालव्य केले तरी तोच परिणाम. या शहरात अशा नकला पुष्कळ झाल्या आहेत. आपल्या टेबलावर त्या नकोत.

वाक्यरचनेचा नियम जास्त सुरक्षित आणि जास्त सुंदर असतो. ड्वार्फ क्रियापद आधी बोलतात, असं धरा: "फुटलाय हा खांब. बदला आधी. बोलू नंतर." सोपं आहे, पाच मिनिटांत जमतं, आणि कामाची माणसं आहेत हे त्यातच येतं. गॉब्लिन कधीच "मी" म्हणत नाहीत. एकटा असला तरी "आम्ही". मग एखादा गॉब्लिन टोळी सोडून पार्टीत (खेळाडूंच्या पात्रांच्या गटात) येतो आणि एक दिवस चाचरत "मी" म्हणतो. हाफलिंग विधान करत नाहीत, प्रत्येक वाक्य "नाही का?" वर सोडतात. एका वंशाला एकच नियम. दोन केले की खेळाडूचं लक्ष खेळावरून व्याकरणावर जातं.

गळा

इथवर आलात तर पात्र तुमच्या रोजच्या आवाजातही वेगळं ऐकू येत असेल. आता हवा असेल तर आवाजाला हात लावा. बदलण्यासारख्या गोष्टी चार: पट्टी, वेग, आवाज घुमण्याची जागा आणि श्वास. यातल्या दोनच बदला. भागीसाठी मी वेग कमी करेन आणि आवाज छातीत घुमवेन; पट्टी माझी राहील. सेशन चार तास चालतं, आणि चार तास परक्या पट्टीत कोणीच टिकत नाही.

सरावाला लोकलमधली घोषणा घ्या. "पुढील स्टेशन, दादर" हे तीन शब्द सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे शब्दांकडे लक्ष न जाता आवाजाकडे जातं. तेच वाक्य एकदा नाकातून, एकदा छातीतून, एकदा संथ आणि एकदा अर्धा श्वास सोडत म्हणा. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर आपलाच आवाज परका वाटतो आणि निवड चुकते.

ऑर्क, ड्रॅगन, राक्षस यांच्यासाठी घसा आवळून गुरगुरू नका. घशाला टोचायला लागलं किंवा खोकला आला तर तो आवाज चुकीच्या जागेवरून येतोय. जबडा सैल सोडा, जांभई देताना होतं तसं तोंडाचा मागचा भाग उघडा ठेवा, स्वर लांबवा आणि वाक्यांमध्ये थांबा. मोठं शरीर थांबण्यातून जाणवतं. शेजारी पाणी ठेवा. कॅफेत खेळत असाल तर गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, म्हणून भिंतीकडची जागा मागा. बसलेला घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

ऑनलाइन खेळताना एक अडचण येते. डिस्कॉर्डसारख्या ॲपमध्ये ठरावीक पातळीखालचा आवाज माइक पुढे पाठवत नाही, त्यामुळे कुजबुजणारं पात्र अर्धंच ऐकू येतं. इनपुट सेन्सिटिव्हिटीची ही पातळी हाताने खाली आणा, किंवा कुजबुज सोडून हळू आणि स्पष्ट बोला. आवाज बदलणारी सॉफ्टवेअर पट्टी हलवतात, बोलणं घडवत नाहीत. एखाद्या प्रवेशापुरती ठीक. नटनट्यांच्या आवाजाची एआय-नक्कल त्यांच्या परवानगीशिवाय करू नका, घरच्या टेबलासाठीसुद्धा.

व्हिडिओ गेममध्ये पात्र घडवताना

इथे आवाज आपला नसतो, यादीतून निवडायचा असतो. म्हणून आधी हे बघा की पात्र किती बोलणार आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३) स्वतः घडवलेल्या पात्रासाठी आठ आवाज आहेत आणि शरीर कुठलंही असलं तरी त्यातला कुठलाही घेता येतो. पण संभाषणातली निवडलेली वाक्यं ते पात्र मोठ्याने बोलत नाही; आवाज ऐकू येतो तो फिरताना आणि लढाईत. म्हणून तिथे भावुक आवाजामागे जाऊ नका. शंभरदा ऐकून कान किटणार नाही असा आवाज घ्या. नंतर पटलं नाही तर कॅम्पमधल्या जादूच्या आरशात तो बदलताही येतो.

ड्रॅगन एज: इन्क्विझिशनमध्ये (२०१४) उलट आहे. स्त्री आणि पुरुष पात्रांना प्रत्येकी दोनच आवाज, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन वळणाचा, आणि पात्र अख्खा गेम बोलतं. तिथे नमुन्याचं वाक्य डोळे मिटून ऐका आणि हा माणूस रागावलेला, दमलेला कसा वाटेल याचा विचार करा. याच मालिकेतल्या २०२४च्या द व्हेलगार्डमध्ये चार आवाज आहेत आणि पट्टी थोडी वर-खाली करता येते. ती टोकाला नेली की आवाज यंत्रातून आल्यासारखा होतो, मधल्या भागात ठेवा. स्कायरिमसारख्या गेममध्ये (२०११) नायक जवळपास मुकाच असतो, तेव्हा त्याची वाक्यं मनात मराठीत वाचा. मी तसंच खेळतो, आणि अर्ध्या वेळेस निवडही बदलते.

डीएमसाठी

खेळाडूला एक आवाज सांभाळायचा असतो, डीएमला संध्याकाळभरात वीस. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. बावन्न गळे कोणाकडेच नसतात. म्हणून प्रत्येक एनपीसीला (डीएमने चालवलेल्या पात्राला) आवाज देत बसू नका. सर्वनाम, वेग आणि हातांची एक सवय द्या. खानावळीची मालकीण सगळ्यांना "बाळा" म्हणते आणि बोलताना टेबल पुसते. नाक्यावरचा शिपाई "आपण" म्हणतो पण नजर वर उचलत नाही. खरा वेगळा आवाज तीन-चार पात्रांसाठी राखा, ज्यांच्याशी पार्टीचं पुन्हापुन्हा काम पडणार आहे.

सेशनमध्ये मधेच आवाज सुटला तर माफी मागत थांबू नका. "भागी त्याला सांगते की जहाज उद्या निघेल" असं दोन वाक्यं निवेदकासारखी सांगा, पालुपद म्हणा, आणि पुन्हा तिच्या बोलण्यात शिरा. पालुपदाचा खरा उपयोग हाच आहे. ते ओठांवर आलं की बाकीचं बोलणं मागून येतं.

प्रत्येक एनपीसीसाठी हाताएवढं कार्ड ठेवा: नाव, हाक, सर्वनाम, एक वाक्य जसंच्या तसं. वर्णन लिहू नका. "खर्जातला, गूढ आवाज" असं लिहिलेलं कार्ड दोन महिन्यांनी काहीच आठवून देत नाही. "या बाळा, चप्पल बाहेर काढ, सूप ऊन आहे" एवढं लिहिलेलं असलं तर वाचताक्षणी ती बाई परत बोलायला लागते.